न्हाणीमागचा टोमॅटो

वनस्पतिशास्त्र शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन २०१६ साली मी पुण्याहून कुडाळजवळच्या आमच्या गावी राहायला आलो आणि पहिलं काम केलं ते परसू साफ करण्याचं. न्हाणीघराचं पाणी बाहेर पडतं तिथे अळवाच्या गर्दीत टोमॅटोचं एक झुडूप माजलेलं होतं. ते कुणी मुद्दाम लावलेलं नव्हतं. दरवर्षी पडलेल्या बियांतून आपोआप उगवायचं, जमिनीवर पसरायचं आणि करवंदाएवढी, कधी त्याहूनही बारकी फळं धरायचं. मी ते मुळासकट उपटलं. त्याच आठवड्यात पाणी तापवायची न्हाणीतली जुनी चूलही मोडून तिथे गॅसचा गिझर बसवला. संध्याकाळी आईनं विचारलं, "न्हाणीमागचा टोमॅटो कुणी काढला रे?" मी म्हटलं, "मी. आता तिथे चांगला लावू." ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"चे अनेक प्रकार होते आणि हा त्यांतला सर्वांत आखूड होता.

तो "चांगला" टोमॅटो त्या जागी आजतागायत झालेला नाही. का झाला नाही, हे समजून घेण्यात माझी सहा-सात वर्षं गेली. ज्यानं तीस वर्षं मुलांना परागण शिकवलं त्याला इतका वेळ लागावा ही फारशी अभिमानाची गोष्ट नव्हे. पण त्या निमित्तानं जे वाचलं, पाहिलं आणि मोजलं ते इथे मांडतो आहे.

पुण्याच्या गच्चीवर माझे टोमॅटो एप्रिलच्या मध्यापर्यंत फळं देत. त्याच हिशेबानं मी इथे पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोपं लावली. रोपं उत्तम वाढली. मार्चच्या मध्याला पिवळ्या फुलांचे झुबके आले आणि चार दिवसांत सगळी फुलं खाली. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्येच एक गाठीसारखा सांधा असतो. फळ धरायचं नसेल तर झाड तिथून फूल सोडून देतं आणि अर्धा देठ तेवढा मागे राहतो. मला सकाळी उठून ते अर्धे देठ मोजायची सवयच लागली. कुणी पाणी वाढवायला सांगितलं, कुणी खत. मी दोन्ही वाढवलं. झाडं पुरुषभर उंच झाली, पानं हिरवीकंच झाली आणि फुलं पहिल्यापेक्षा जास्त गळली.

मला पडलेलं कोडं साधं होतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा अडतीसवर जातो. आमच्या गावी तो तेहेतीस-चौतीसच्या वर क्वचितच चढतो. मग ज्या झाडाला उष्णता सोसत नाही ते पुण्यात टिकावं आणि इथे हरावं, हे कसं?

उत्तर रात्रीत होतं. फ्रिट्स वेंट हे मूळचे डच वनस्पतिशास्त्रज्ञ. जावा बेटावरच्या बोइटेनझोर्ग, म्हणजे आजच्या बोगोर इथल्या दमट उकाड्यात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं आणि १९३०च्या दशकात ते कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे गेले. तिथे त्यांनी तापमान मुठीत ठेवता येईल अशा काचघरांत टोमॅटो वाढवले. दिवसा एका तापमानाला आणि रात्री दुसऱ्या, असे ते झाडांना या खोलीतून त्या खोलीत हलवत. १९४४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. टोमॅटोला भरपूर फळ धरायचं तर रात्र साधारण १५ ते २० अंशांची हवी. दिवसाच्या तापमानापेक्षा रात्रीच्या तापमानाचा अंमल मोठा. मी हे विद्यार्थ्यांना शिकवलेलंसुद्धा होतं. त्या धड्याला वेंट यांनी दिलेलं "थर्मोपीरिऑडिसिटी" हे लांबलचक नाव माझ्या लक्षात राहिलं होतं, धडा नव्हता राहिला.

मग मी कमाल-किमान तापमापक आणला आणि वहीत रोजचे आकडे लिहू लागलो. जानेवारीत रात्री अठरा-एकोणीस अंश. मार्चच्या मध्याला बावीस-तेवीस. एप्रिल संपता संपता पंचवीस-सव्वीस. फुलं गळायला लागली ती तारीख आणि रात्रीनं बाविसाचा आकडा ओलांडला ती तारीख यांत दर वर्षी आठ-दहा दिवसांचंच अंतर पडे. त्या आठ-दहा दिवसांनाही कारण आहे, ते पुढे येईल.

पुण्याची रात्र निवते आणि कोकणची निवत नाही, यामागे हवेतलं पाणी आहे. सूर्य मावळला की जमीन दिवसभराची उष्णता वर आकाशाकडे सोडू लागते. हवा कोरडी असेल तर ती उष्णता बिनबोभाट निघून जाते. हवेत बाष्प असेल तर ते वाटेतच तिला अडवतं आणि त्यातली बरीचशी परत खाली पाठवतं. शिवाय हवा निवत निवत दवबिंदूपर्यंत आली की बाष्पाचं पाणी होऊ लागतं आणि तसं होताना त्यातली उष्णता बाहेर पडते. म्हणजे पारा त्याखाली सहजी उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगत हा दवबिंदूच तेवीस-चोवीसच्या आसपास असतो. त्याच्या खालची रात्र त्या दिवसांत आम्हांला मिळत नाही.

आमच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर होती. मी रोपं जांभ्याच्या गडग्याला लागून लावली होती, आडोसा मिळावा म्हणून. दिवसभर तापलेला तो दगड रात्रभर ऊब सोडत राही. झाडं गडग्यापासून बारा-पंधरा पावलं दूर, मोकळ्या आकाशाखाली नेली तेव्हा किमान तापमान दीड अंशानं उतरलं. मी दुपारसाठी सावलीची जाळीही घातली होती. तिनं पानं करपायची थांबली. फुलं मात्र गळतच राहिली, कारण जाळी रात्री काहीच करत नाही.

आता फुलाच्या आत काय बिघडतं ते पाहू. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं. पाचसहा परागकोश एकमेकांना चिकटून त्यांचा सुळका होतो आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, त्या सुळक्याच्या आत दडलेलं असतं. गरम रात्रींत दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पराग वांझ निघतो. सगळ्यांत नाजूक वेळ असते ती फूल उमलायच्या आधी आठ-नऊ दिवसांची, जेव्हा कळीच्या आत परागाच्या मातृपेशी विभागत असतात. फूल आज गळतं. त्याचा घात गेल्या आठवड्यातच झालेला असतो. माझ्या वहीतल्या अंतराचा उलगडा हा असा झाला. दुसरी गोष्ट म्हणजे उष्णतेत कुक्षीचा दांडा लांबतो आणि सुळक्याबाहेर डोकावू लागतो. मग आत सांडलेला पराग तिच्यापर्यंत पोचत नाही. भिंगातून पाहिलं तर हे स्वच्छ दिसतं: मार्चअखेरच्या फुलांत हिरवट टाचणीचं डोकं सुळक्यातून बाहेर आलेलं असतं.

दमटपणाचा तिसरा उपद्रव वेगळाच. परागकोश वाळून उघडतात आणि पराग पिठासारखा भुरभुरतो, हे झालं कोरड्या हवेतलं. ओल्या हवेत तो पराग ओलसर रव्यासारखा जागच्या जागी चिकटून राहतो. तो हलवायला धक्का लागतो. मधमाशीला हे जमत नाही. जमतं ते लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याला आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या एका चपळ माशीला. त्या फुलाला लोंबकळून छातीचे स्नायू थरथरवतात. त्या वेळी गुणगुणण्याचा स्वर एकदम उंचावतो, तो ऐकला की समजावं पराग झडला. भुंगे नसतील तर सकाळी नवाच्या सुमारास झुबक्याच्या देठावर बोटानं टिचकी मारावी. मी जुना विजेवरचा टूथब्रश वापरतो. येणाजाणाऱ्यांना ते पाहून काय वाटतं ते मी विचारलेलं नाही.

इतकं सगळं असूनही बारका टोमॅटो मेमध्ये फळतो, तो कसा? तो जास्त काटक असतो, असं म्हणून मोकळं होता येतं; पण त्यातून काहीच कळत नाही. खरं उत्तर पुष्कळसं अंकगणिताचं आहे. मोठ्या टोमॅटोला अनेक कप्पे असतात आणि तो नीट भरायला पुष्कळ बिया धराव्या लागतात. बीच फळाला वाढायचा निरोप देतं. पराग अर्धामुर्धा वांझ असेल तर मोठं फळ गळतं किंवा वेडंवाकडं, पोकळ राहतं. बारक्या फळाला दोनच कप्पे. थोड्या बियांवरही ते पुरेसं भरतं. शिवाय एकेका घोसात फुलं पुष्कळ, कधी वीस-पंचवीस. त्यांतली निम्मी गेली तरी डहाळी रिकामी दिसत नाही. माझ्या झुडपांवर मेमध्ये शंभरातली पंचावन्न-साठ फुलं गळतात, आणि तरी रोज वाटीभर फळं निघतात. त्याच उन्हात शेजारच्या मोठ्या टोमॅटोवर सहा फुलांतली सहा गळतात.

म्हणजे बारका टोमॅटो हा मोठ्याची बिघडलेली आवृत्ती नव्हे. आधीचा तोच आहे. पेरू आणि इक्वाडोरच्या किनारपट्टीत आजही वाढणारा रानटी टोमॅटो, सोलॅनम पिंपिनेलिफोलियम, वाटाण्याएवढा आणि जेमतेम ग्रॅमभर वजनाचा असतो. त्याच्यातून चेरी टोमॅटोची जात आली आणि तिच्यातून मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या हातून मोठा टोमॅटो घडला. आपला "टोमॅटो" हा शब्दसुद्धा तिथल्या नाउआत्ल भाषेतल्या "तोमात्ल"वरून आला. पोर्तुगीजांच्या हातून तो इकडे आला. गोव्यात अजून त्याला "तोमात" म्हणतात. विदर्भात तो "भेदरं" झाला, बंगाल्यांनी त्याला "बिलिती बेगुन", म्हणजे विलायती वांगं, म्हटलं. (वांगं म्हणण्यात ते चुकले नाहीत, दोन्ही एकाच कुळातले, आणि हे नातं पुढे आपल्या कामाला येणार आहे.) कोकणानं मात्र टोमॅटोची फारशी वाट पाहिलेली दिसत नाही. ज्यांच्या घरी आमसुलं, चिंच, कैरी आणि बिंबलं आहेत, त्यांना आंबटपणासाठी परदेशी फळाची गरज काय? कोकणात टोमॅटो परसवात उगवला तर उगवला, असाच राहिला.

जगात दमट उष्ण प्रदेशांसाठी टोमॅटो शोधण्याचा मोठा उद्योग सुरू झाला तो तैवानमध्ये. दक्षिण तैवानातल्या शानहुआ इथे १९७१ साली आशियाई भाजीपाला संशोधन केंद्र स्थापन झालं. आज ते जागतिक भाजीपाला केंद्र म्हणून ओळखलं जातं. तिथल्या लोकांनी जगभरातून जमवलेले हजारो वाण उन्हाळ्यात लावून पाहिले. गरम रात्रींत बऱ्यापैकी फळ धरणारे वाण शंभरात एकही भरले नाहीत, आणि जे निघाले त्यांतले बरेच बारक्या फळांचे होते. मग ते गुण मोठ्या फळांत आणायचा खटाटोप सुरू झाला. त्यात यशही आलं, पण फळ मोठं करत गेलं की उष्णता सोसण्याचा गुण हातातून निसटतो, ही ओढाताण त्यांना सतत जाणवत राहिली. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं "पुसा सदाबहार" हा वाण गरम रात्रींचा विचार करूनच काढला. इतर ठिकाणी हे काम कुणी न ठरवताच झालं आहे. अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडाच्या दलदलीच्या मुलखात रानटी जातीचाच एक बारका टोमॅटो रुजून आपोआप वाढतो आणि तिथले बागवाले उन्हाळ्यात त्याच्याच भरवशावर असतात. आसामात "कण बिलाही" आहे. आमच्या न्हाणीमागे तो होता.

इथवरचं सगळं कळल्यावर मी गावोगावहून, बियाण्यांच्या दुकानांतून चेरी टोमॅटोचे सहा-सात वाण आणले आणि २०१९च्या ऑक्टोबरात मोठ्या उमेदीनं लावले. त्या वर्षीच्या जूनमध्ये आई गेली होती. डिसेंबरात झाडं कमरेला लागली, फळं धरली, आणि एके दिवशी दुपारी एक झाड मान टाकून उभं. पान पिवळं नाही, डाग नाही. हिरवंगार झाड पाणी न मिळाल्यासारखं कोमेजलेलं. संध्याकाळी ते जरा सावरलं, दुसऱ्या दुपारी पुन्हा पडलं, चार दिवसांत गेलं. पंधरवड्यात चौदांपैकी अकरा झाडं गेली.

ही जिवाणूजन्य मर. राल्स्टोनिया सोलॅनासिएरम नावाचा जिवाणू मुळातून शिरतो आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या चिकटद्रवानं बंद करतो. अमेरिकेतल्या अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली त्याचं वर्णन केलं. ओळखायची खूण घरच्या घरी पाहता येते. खोडाचा बोटभर तुकडा तिरका कापून काचेच्या पेल्यात पाण्यात धरावा. मिनिटा-दोन मिनिटांत कापातून दुधाळ पांढरे धागे खाली उतरू लागले तर तो हाच. आमच्या पेल्यात ते उतरले. ऊब, ओल आणि आंबट माती या तिन्ही गोष्टी त्याला मानवतात, आणि कोकणची जांभ्याची तांबडी माती त्याला तिन्ही देते. यावर औषध नाही. उष्णता सोसणं वेगळं आणि ही मर सोसणं वेगळं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बियाण्याच्या पाकिटावर "उष्णता-सहनशील" एवढंच वाचून कोकणात टोमॅटो लावणाऱ्याची फसगत होते ती इथे.

यावर जे उपाय आहेत ते जमिनीशी भांडण टाळण्याचे आहेत. आमच्यासारखीच माती आणि पाऊस असलेल्या केरळात तिथल्या कृषी विद्यापीठानं "शक्ती", "मुक्ती", "अनघा" असे मर सोसणारे वाण काढले आहेत. भाताच्या खाचरात, भात निघाल्यावर लावलेल्या टोमॅटोला मर कमी लागते, कारण चार महिने तुंबलेल्या पाण्यात जिवाणूची संख्या घटते. तिसरा उपाय म्हणजे विलायती वांग्याचं देशी वांग्याशी लग्न लावणं. मर न लागणाऱ्या वांग्याच्या रोपावर टोमॅटोचा शेंडा कलम करायचा. तैवानच्या केंद्रानं हे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत नेलं. वांग्याचं मूळ तुंबलेलं पाणीही टोमॅटोपेक्षा जास्त सोसतं. पेन्सिलीच्या शिशाएवढी दोन खोडं तिरकी कापून जुळवायची, चिमटा लावायचा आणि आठवडाभर ओलसर, अंधाऱ्या खोक्यात ठेवायची. माझी पहिल्या खेपेला बारांतली सात जगली. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. नाहीतर टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि केलेलं सगळं वाया जातं. तेही मी करून पाहिलं आहे.

सध्या मी असं करतो. सप्टेंबरअखेर बी टाकतो, नोव्हेंबरात रोपं हलवतो: कलमं जमिनीत, बिनकलमी रोपं नव्या मातीच्या मोठ्या कुंड्यांत, गडग्यापासून दूर. मार्चपासून दुपारची सावली, बुंध्याशी पालापाचोळा, पाणी थोडं पण रोज. पाण्यात खंड पडून मग एकदम जास्त झालं की फळं तडकतात. नत्राचं खत हात आखडून, कारण पानांचा माज मला नको आहे. फळ झाडावर पूर्ण लाल व्हायची वाट पाहत नाही. तीस-बत्तीस अंशांवर तांबडा रंग नीट धरत नाही, फळ नारिंगी-पिवळट राहतं. रंग फुटला की तोडून माजघरात परातीत पसरतो, तिथे ते लाल होतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की करपा येतो आणि सगळं संपतं. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

राहिला एक प्रश्न. आमच्या परसवात सगळीकडे मर आहे. मग न्हाणीमागचं ते झुडूप तिथे इतकी वर्षं कसं टिकलं? दोन वर्षांपूर्वी मी परसवातल्या मातीचा सामू ठिकठिकाणी तपासला. सगळीकडे साडेपाचच्या आसपास, न्हाणीमागे मात्र जवळपास सात. मग आठवलं. चुलीची राख आई रोज सकाळी न्हाणीमागे त्या अळवातच टाकत असे. साठ वर्षं तरी ती तिथे पडत असावी, आधी आजीच्या हातची, मग आईच्या. राखेनं माती गोडावली आणि त्यामुळे मर तिथे दबून राहिली, असा माझा तर्क आहे. झुडपात स्वतःतच मर सोसण्याचा गुण असेल, तर तो पाहायला माझ्याकडे झुडूप नाही.

गेल्या उन्हाळ्यात खालच्या वाडीतल्या काकींच्या मोरीमागे तसलंच एक झुडूप दिसलं. तशीच पसरट वाढ, तशीच फळं. त्यांना विचारलं, बी कुठलं? त्या म्हणाल्या, "तुझ्या आवशीनच दिल्यान असात, नायतर पाखरांनी हाडलां असात." मी ओंजळभर फळं मागून आणली. बी दोन दिवस पेल्यात आंबवून, धुऊन, कागदावर वाळवलं. निम्मं बी मर असलेल्या जागी लावणार आहे, निम्मं न्हाणीमागे. गिझर अजून आहेच, पण अंगणात तीन दगड मांडून आंघोळीचं पाणी पुन्हा लाकडावर तापवायला मी दिवाळीपासून सुरुवात केली आहे.